मूत्राशयाच्या स्नायूंवर चेतासंदेशक औषधांचा परिणाम: प्राण्यांवरील अभ्यास आणि बंगळुरूचा संदर्भ

बंगळुरू शहराची ओळख आज प्रामुख्याने माहिती तंत्रज्ञानाशी जोडली जात असली, तरी पशुवैद्यक आणि औषधनिर्माण या दोन क्षेत्रांतही या शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेले हेब्बाळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय, भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे बंगळुरू केंद्र आणि १९९५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था याच शहरात आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेली बायोकॉन आणि १९९३ मध्ये सुरू झालेली सिंजीन यांसारख्या कंपन्यांमुळे औषध संशोधनाचे मोठे केंद्र म्हणूनही बंगळुरू ओळखले जाते. जनावरांवरील उपचार आणि माणसासाठीच्या औषधांची पूर्वचाचणी ही दोन्ही कामे जिथे शेजारी शेजारी चालतात, तिथे एका प्रश्नाला विशेष महत्त्व प्राप्त होते. तो प्रश्न म्हणजे, चेतासंस्थेच्या संदेशांवर परिणाम करणारी औषधे प्राण्यांच्या मूत्रमार्गातील स्नायूंवर नेमके कोणते काम करतात?

हा विषय वरवर पाहता केवळ तज्ज्ञांचा वाटतो. प्रत्यक्षात लघवी अडलेला बैल, निर्बीजीकरणानंतर झोपेत लघवी झिरपणारी कुत्री, कीटकनाशकाची बाधा झालेली गाय आणि वारंवार लघवीला जावे लागणारा वृद्ध माणूस, या सर्वांच्या उपचारांचा पाया एकच आहे. योग्य औषध योग्य वेळी दिले तर जीव वाचतो. तेच औषध चुकीच्या वेळी दिले तर मूत्राशय फुटण्याचा धोका संभवतो.

मूत्राशयाची दोन कामे

मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. ते केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहत नाही. मूत्रवाहिनीच्या भिंतीतील अनैच्छिक स्नायू लाटेप्रमाणे आकुंचन पावतात आणि मूत्र पुढे ढकलतात. ही लाट चेतातंतूंच्या आज्ञेवाचूनही चालू राहते, असे प्रतिपादन जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक थिओडोर एंगेलमन यांनी सशांच्या मूत्रवाहिनीवरील निरीक्षणांच्या आधारे १८६९ मध्ये केले होते. चेतासंस्था या लाटेचा वेग आणि जोर कमीअधिक करू शकते, परंतु लाटेचा उगम स्नायूंच्या पेशींमध्येच असतो.

मूत्राशयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला परस्परविरोधी अशी दोन कामे करावी लागतात. मूत्र साठत असताना भिंतीतील स्नायू सैल आणि मूत्राशयाचे तोंड घट्ट राहिले पाहिजे. मूत्र बाहेर टाकताना याच्या नेमके उलट घडले पाहिजे, म्हणजे भिंत आकुंचन पावली पाहिजे आणि तोंड उघडले पाहिजे. हा ताळमेळ बिघडला की एक तर लघवी अडते किंवा नकळत झिरपते.

या कामासाठी तीन प्रकारचे चेतातंतू मूत्राशयाला जोडलेले असतात. परानुकंपी तंतू ॲसिटिलकोलीन हा रासायनिक पदार्थ सोडतात आणि त्यामुळे मूत्राशयाची भिंत आकुंचन पावते. अनुकंपी तंतू नॉरॲड्रेनॅलीन सोडतात. हा पदार्थ भिंतीतील बीटा ग्राहींना चिकटला की भिंत सैल पडते आणि मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागातील अल्फा ग्राहींना चिकटला की तो भाग आवळला जातो. तिसऱ्या प्रकारचे तंतू मूत्रमार्गाभोवतीच्या ऐच्छिक स्नायूला आज्ञा देतात. माणूस लघवी रोखून धरतो ती याच स्नायूच्या साहाय्याने.

ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिन होय. त्याला कुलपाची उपमा दिल्यास संदेशवाहक रसायन ही किल्ली ठरते. या विषयातील बहुतेक औषधे दोनच प्रकारे काम करतात. काही औषधे बनावट किल्लीप्रमाणे कुलूप उघडतात, तर काही औषधे कुलपात अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला वाट देत नाहीत.

मांजरापासून गिनीपिगपर्यंत

या ज्ञानाची उभारणी शंभरहून अधिक वर्षे चाललेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून झाली. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉन लँग्ली आणि ह्यू अँडरसन यांनी १८९५ मध्ये ओटीपोटातील अवयवांकडे जाणाऱ्या चेतातंतूंचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्यानंतर थॉमस इलियट यांनी १९०४ मध्ये, चेतातंतू उत्तेजित झाल्यावर ॲड्रेनॅलीनसारखा पदार्थ सुटत असावा, अशी कल्पना मांडली. इलियट यांनी १९०७ मध्ये विविध प्राण्यांच्या मूत्राशयावरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका प्राण्यात मूत्राशय सैल करणारा चेतासंदेश दुसऱ्या प्राण्यात तसाच परिणाम करील याची खात्री नाही, ही बाब तेव्हापासूनच संशोधकांच्या लक्षात येऊ लागली.

चेतासंदेश रासायनिक असतो, याचा निर्णायक पुरावा ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दिला. त्यासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. पुढे १९४८ मध्ये रेमंड अलक्विस्ट यांनी ॲड्रेनॅलीनच्या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन गट पाडले.

तरीही मूत्राशयाने संशोधकांना दीर्घकाळ कोड्यात टाकले होते. ॲट्रोपीन हे औषध ॲसिटिलकोलीनचे स्नायूवरील ग्राही बंद करते. मूत्राशयाच्या आकुंचनाला एकटे ॲसिटिलकोलीनच जबाबदार असते, तर ॲट्रोपीन दिल्यावर आकुंचन पूर्णपणे थांबायला हवे होते. अनेक प्राण्यांत तसे घडत नव्हते. जेफ्री बर्नस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये गिनीपिगच्या मूत्राशयावरील प्रयोगांच्या आधारे याचे स्पष्टीकरण सुचविले. चेतातंतूंतून एटीपी हा आणखी एक संदेशवाहक सुटत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणून ओळखला जाणारा पदार्थ संदेशवाहकही असू शकतो, ही कल्पना स्वीकारली जाण्यास बराच काळ लागला. आज ती सर्वमान्य आहे.

अशा प्रयोगांची पद्धत साधी आहे. उंदीर किंवा गिनीपिगच्या मूत्राशयाची बारीक पट्टी ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या, प्राणवायू सोडलेल्या क्षारद्रावणात टांगली जाते. पट्टीचे एक टोक स्थिर ठेवून दुसरे टोक ताण मोजणाऱ्या उपकरणाला जोडतात. द्रावणात औषध मिसळल्यावर किंवा चेतातंतूंना सौम्य विद्युत धक्का दिल्यावर पट्टी किती आवळते, याचा आलेख मिळतो. उंदराच्या मूत्राशयात या आलेखाचे दोन टप्पे दिसतात. सुरुवातीचे झटपट आकुंचन एटीपीमुळे आणि त्यानंतरचे टिकून राहणारे आकुंचन ॲसिटिलकोलीनमुळे होते.

प्राणिभेदाचे महत्त्व

निरोगी माणसाच्या मूत्राशयात एटीपीचा वाटा अत्यल्प असतो आणि आकुंचन जवळजवळ संपूर्णपणे ॲसिटिलकोलीनवर अवलंबून असते. म्हणूनच उंदरावर अर्धवट परिणाम करणारे ॲट्रोपीनसारखे औषध माणसाची लघवी पूर्णपणे अडवू शकते. मात्र मूत्रमार्गात दीर्घकाळ अडथळा राहिलेल्या रुग्णांच्या मूत्राशयात एटीपीचा वाटा वाढलेला आढळतो. आजारी माणसाचा स्नायू या एका बाबतीत प्राण्याच्या स्नायूच्या जवळ जातो, असे म्हणता येईल.

ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींचेही उपप्रकार आहेत. मूत्राशयात एम-२ या उपप्रकाराची संख्या अधिक असते, परंतु आकुंचनाचे मुख्य काम संख्येने कमी असलेला एम-३ हा उपप्रकार करतो. एम-३ ग्राही नसलेल्या उंदरांवरील जपानी संशोधकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नर उंदरांची मूत्राशये फुगलेली आढळून आली.

मूत्राशय सैल करणाऱ्या बीटा ग्राहींच्या बाबतीतही असाच फरक आहे. माणसात हे काम प्रामुख्याने बीटा-३ या उपप्रकाराकडे असते, तर उंदरात बीटा-२ आणि बीटा-३ या दोन्हींचा सहभाग असतो. सशात बीटा-२ ला प्राधान्य असते. म्हणजे माणसासाठीचे बीटा-३ औषध केवळ सशावर तपासले, तर ते निरुपयोगी ठरविले जाण्याची शक्यता होती. प्रत्यक्षात याच गटातील मिराबेग्रॉन या औषधाला जपानमध्ये २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. औषध संशोधनात कोणता प्राणी निवडला जातो, या प्रश्नाला त्यामुळेच कोट्यवधी रुपयांचे आणि अनेक रुग्णांच्या आरोग्याचे मोल असते.

निर्बीजीकरण आणि लघवी झिरपणे

बंगळुरूमध्ये या विषयाचा रोजच्या जीवनाशी येणारा संबंध कुत्र्यांच्या निर्बीजीकरणातून दिसतो. केंद्र सरकारने २००१ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या जननदर नियंत्रणाचे नियम लागू केले. त्यांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिकेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत शहरातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे २ लाख ७९ हजार असल्याचे आणि त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाल्याचे आढळले होते. २०१९ च्या पाहणीत ही संख्या सुमारे ३ लाख १० हजार होती.

बीजांडकोश काढल्यानंतर मादीच्या शरीरातील इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते. त्यामुळे मूत्रमार्गाचा घट्टपणा कमी होतो आणि तेथील अल्फा ग्राहींचा नॉरॲड्रेनॅलीनला मिळणारा प्रतिसादही मंदावतो. परिणामी काही माद्यांमध्ये, बहुधा झोपेत, लघवी झिरपू लागते. विविध देशांतील अभ्यासांत याचे प्रमाण सुमारे ५ ते २० टक्के असे वेगवेगळे आढळले आहे. मोठ्या आकाराच्या जातींमध्ये हा धोका अधिक, तर लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये कमी असतो. आपल्याकडील गावठी कुत्री बहुतांशी मध्यम चणीची असल्याने या कारणासाठी निर्बीजीकरण टाळणे सयुक्तिक ठरत नाही. रेबीजचे नियंत्रण आणि कुत्र्यांची वाढती संख्या पाहता या शस्त्रक्रियेचे लाभ कितीतरी मोठे आहेत. मात्र पाळीव कुत्रीच्या मालकाला या शक्यतेची कल्पना असणे आवश्यक आहे. अशी कुत्री जाणूनबुजून घर घाण करीत नसते. ती आजारी असते आणि तिच्यावर उपचार होऊ शकतात.

या उपचारात फेनिलप्रोपॅनोलामीन हे औषध प्रामुख्याने वापरले जाते. ते अल्फा ग्राहींना चेतवून मूत्रमार्ग आवळते. या औषधाचा इतिहास बोलका आहे. सर्दीवरील आणि भूक कमी करणाऱ्या औषधांत त्याचा सर्रास वापर होत असे. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००० मध्ये माणसांसाठीच्या उत्पादनांतून ते काढून टाकण्यास सांगितले. त्याच प्रशासनाने २०११ मध्ये कुत्र्यांमधील लघवी झिरपण्यावर त्याला मान्यता दिली. कुत्र्यांतही रक्तदाब वाढणे आणि अस्वस्थता हे दुष्परिणाम संभवतात. त्यामुळे पशुवैद्यकाच्या देखरेखीवाचून ते देणे धोक्याचे आहे.

भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांचाही मूत्रसंस्थेवर परिणाम होतो. शस्त्रक्रियेपूर्वी गुंगी आणण्यासाठी देण्यात येणारे झायलाझीन अल्फा-२ ग्राहींवर काम करते आणि लघवीचे प्रमाण वाढवते. गाई-म्हशींमध्ये या औषधाची मात्रा घोड्याच्या मात्रेच्या सुमारे एक दशांश पुरते. घोड्याची मात्रा गाईला दिल्यास ती प्राणघातक ठरू शकते.

आधी अडथळा, मग औषध

लघवी अडलेल्या जनावराला लघवी होण्याचे औषध द्यावे, असा विचार स्वाभाविक वाटतो. येथेच सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. बिथॅनिकॉल हे औषध ॲसिटिलकोलीनची नक्कल करून मूत्राशयाची भिंत आवळते. पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर किंवा मूत्राशय फार काळ ताणले गेल्याने शिथिल झालेल्या स्नायूला ते उपयोगी पडू शकते. परंतु मूत्रमार्गात खडा अडकलेला असताना हे औषध दिले, तर बंद तोंडाच्या पिशवीवर बाहेरून दाब दिल्यासारखी स्थिती होते आणि मूत्राशय फुटू शकते.

बैल आणि बोकड यांच्यात हा प्रश्न विशेष गंभीर असतो. त्यांचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असून त्याला इंग्रजी एस अक्षरासारखे वळण असते. खडा बहुधा या वळणात अडकतो. बोकडात मूत्रमार्गाच्या टोकाशी असलेल्या बारीक नळीतही तो अडकतो. जनावर वारंवार कुंथते, शेपटी हलवते, पोटावर लाथा मारते आणि खाणे सोडते. काही वेळा कुंथणे अचानक थांबते आणि जनावर शांत झाल्यासारखे दिसते. ही सुधारणा नसून मूत्राशय फुटल्याची खूण असू शकते. अशा वेळी शस्त्रक्रिया हाच उपाय असतो आणि विलंब झाल्यास जनावर दगावते.

बोक्यांमध्येही मूत्रमार्ग तुंबण्याचे प्रमाण मोठे आहे. अडथळा दूर केल्यानंतर मूत्रमार्ग सैल राहावा यासाठी प्राझोसिन हे अल्फा ग्राही रोखणारे औषध देण्याची प्रथा अनेक वर्षे होती. मात्र त्यामुळे पुन्हा लघवी अडण्याचे प्रमाण कमी होत नसल्याचे अलीकडच्या अभ्यासांत दिसून आले. याचे एक कारण शरीररचनेत आहे. बोक्याच्या मूत्रमार्गाचा शेवटचा, सर्वांत अरुंद भाग मुख्यत्वे ऐच्छिक प्रकारच्या स्नायूंनी वेढलेला असतो आणि त्यावर अल्फा ग्राही रोखणाऱ्या औषधाचा फारसा परिणाम होत नाही. औषध कोणत्या ग्राहीवर चालते हे जाणणे पुरेसे नसते. तो ग्राही नेमक्या जागी आहे की नाही, हेही पाहावे लागते.

कीटकनाशक आणि धोतरा

चेतासंदेशांचा बिघाड केवळ औषधांमुळेच होतो असे नाही. शेतात फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर निकामी करतात. त्यामुळे हे रसायन साचत जाते आणि संदेश थांबतच नाही. बाधा झालेल्या जनावराच्या तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली बारीक होते, हगवण लागते आणि लघवीवरील ताबा सुटतो. पुढे स्नायू थरथरू लागतात आणि श्वास अडखळतो. माणसातही लक्षणे अशीच असतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाल्यानंतर कीटकनाशकांचा हा धोका देशभर चर्चेत आला होता.

या विषबाधेवर ॲट्रोपीन हा तातडीचा उपाय आहे. मूत्राशयाला सैल करणारे तेच औषध येथे प्राणरक्षक ठरते. निकामी झालेले विकर पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम दिले जाते, परंतु ते लवकर मिळणे आवश्यक असते.

याच्या नेमकी उलट स्थिती धोतऱ्याच्या विषबाधेत दिसते. धोतऱ्यात ॲट्रोपीनशी संबंधित अल्कलॉइडे असतात. ती पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, बाहुली विस्फारते आणि लघवी अडते. एकाच कुलपाचे दोन विरुद्ध बिघाड कसे असतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

माणसासाठी झालेला उपयोग

प्राण्यांवरील या अभ्यासांतून माणसासाठी अनेक औषधे पुढे आली. मूत्राशय अतिक्रियाशील असलेल्या रुग्णांसाठी ऑक्सिब्युटिनिन १९७५ पासून अमेरिकेत वापरात आहे. टॉल्टेरोडीनला तेथे १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ही दोन्ही औषधे ॲसिटिलकोलीनचे ग्राही रोखतात. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि वृद्धांमध्ये विस्मरण किंवा गोंधळ हे त्यांचे दुष्परिणाम आहेत. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना दिले जाणारे टॅम्सुलोसिन अल्फा ग्राही रोखते आणि मूत्रमार्ग सैल करते. चेतातंतूंतून ॲसिटिलकोलीन सुटूच न देणाऱ्या बोट्युलिनम विषाच्या अल्प मात्रेच्या इंजेक्शनाला, चेताविकारामुळे मूत्राशयावरील ताबा गेलेल्या रुग्णांसाठी, अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली.

मज्जारज्जूच्या दुखापतीने मूत्राशयावरील ताबा गमावलेल्या रुग्णांच्या दृष्टीने हे उपचार अत्यंत मोलाचे आहेत. अशा रुग्णांत मूत्राशयातील वाढलेला दाब मूत्रपिंडांना इजा पोहोचवतो. बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था अर्थात निम्हान्समध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांच्या पुनर्वसनात मूत्राशयाच्या दाबाची तपासणी आणि त्यानुसार उपचार यांचा समावेश असतो.

प्रयोगांवरील नियंत्रण आणि पर्याय

प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये केले जाते. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असणे बंधनकारक आहे. प्रयोग खरोखरच आवश्यक आहे का, कमी प्राण्यांत भागेल का आणि वेदना कशी टाळता येईल, हे प्रश्न या समितीपुढे असतात.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती केली. मानवी पेशींपासून तयार केलेले सूक्ष्म अवयव आणि अवयवांची नक्कल करणाऱ्या चिप यांसारख्या पद्धतींना त्यामुळे वाट मोकळी झाली. प्राणिभेदामुळे निष्कर्ष चुकण्याची शक्यता या पद्धतींनी कमी होईल, अशी अपेक्षा आहे. तथापि चेतातंतू, स्नायू, संप्रेरके आणि मेंदू यांचा एकत्रित ताळमेळ चिपवर उभा करणे अद्याप कठीण आहे. तसेच जनावरांच्या आजारांवरील औषधे अखेर जनावरांतच तपासावी लागतात.

पशुपालकांनी घ्यावयाची काळजी

जनावराला किंवा पाळीव प्राण्याला लघवी होत नसेल, तर ती तातडीची बाब समजावी. बोक्याच्या बाबतीत लघवी पूर्ण अडल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. माणसासाठी लिहून दिलेली मूत्रविकाराची किंवा सर्दीची औषधे प्राण्याला देऊ नयेत. कीटकनाशकाची शंका असल्यास डब्यावरील नाव पशुवैद्यकाला सांगावे, कारण उपचाराची दिशा त्यावर ठरते. विषारी द्रव अंगावर सांडले असल्यास हातमोजे घालून जनावराला भरपूर पाण्याने धुवावे. बैल व बोकडांना पुरेसे स्वच्छ पाणी मिळेल याची दक्षता घ्यावी आणि खुराकात धान्याचा अतिरेक टाळावा. मूतखडा होण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. लघवीची तक्रार केव्हा सुरू झाली, धार कशी आहे आणि यापूर्वी कोणते औषध दिले, ही माहिती सोबत नेल्यास अडथळा आहे की स्नायू शिथिल झाला आहे, याचे निदान लवकर होते. उपचाराची निवड या एका निदानावर अवलंबून असते.